बाकावरची दुसरी व्यक्ती

गुन्ह्याचा तपास पूर्ण झाला, दोषारोपपत्र गेले, की पोलिसाचे डोके शांत होते. त्या प्रकरणात तसे झाले नाही. ती घटना अजून आठवते, आणि आठवली की पहिला प्रश्न तोच पडतो: आपण नेमके कोणाला पकडले?

नवापूरच्या अलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावात कॅथलिक लोकांचे जुने चर्च, मागे मुलामुलींचे वसतिगृह, बाजूला कोंबड्यांचे खुराडे. नाताळ जवळ आला होता. आठवडी बाजाराच्या दिवशी एक मणियारीण, म्हणजे दारोदार बांगड्या भरणारी बाई, टोपली बाहेर ठेवून माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, मी बांगड्या भरस. बायांस्ना हात मन्हा हातमा ऱ्हास. चर्चमा ती भोळी बाय शे ना, तिन्हा मनगटले दोरीना वळ शेतस. जुना बी आनि नवा बी."

"पडली असेल," मी म्हणालो.

"पडनारले गुडघाले लागस, साहेब. मनगटले गोल गोल नई लागत." मग ती पुढे झुकली. "मन्हं नाव लिखू नका. मले त्याच दारमा धंदा करना शे."

ठाणे दैनंदिनीत तिची नोंद 'खात्रीलायक गोपनीय बातमीदार' अशी झाली. बातमीदार बाहेर रस्त्यावर गिऱ्हाइकाशी मोठ्याने भांडत होता.

बाय म्हणजे चाळिशीची एक अविवाहित स्त्री. बुद्धीने पाच-सहा वर्षांच्या मुलासारखी. तिचे आईवडील चर्चची झाडलोट करत. ते वारल्यावर ती आवारातल्या त्याच खोलीत राहिली. कोंबड्यांना दाणे टाकणे हे तिचे काम, आणि ते ती मन लावून करी. बाजारापलीकडचे जग तिने पाहिले नव्हते.

चर्चच्या फाटकावरच एक भला मोठा फलक होता: 'बालक व दुर्बल व्यक्ती संरक्षण समिती'. खाली सभासदांचे फोटो, सगळे कोट घातलेले. डिसेंबरातही आमच्याकडे दुपारी कोट घालायची वेळ येत नाही, त्यामुळे ते फोटो खास काढलेले असणार. फलकाखाली तक्रारपेटी होती. किल्ली अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष मुलाकडे सुरतेला. शेवटी कुलूप काढले तेव्हा आत कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. तक्रार एकही नाही. समितीच्या दृष्टीने याचा अर्थ सगळे आलबेल, असा होता.

फादर दक्षिणेकडचे, पुस्तकातून मराठी शिकलेले, मृदू माणूस. ते म्हणाले, "मला वळ ठाऊक आहेत. ती स्वतःला इजा करून घेते, असे समितीचे मत आहे. म्हणून नाताळनंतर तिला दूरच्या एका संस्थेत पाठवण्याचे ठरले आहे. तेथे अशा व्यक्तींची काळजी घेतात."

"तिला विचारलंत?"

"तिला?" फादर खरोखर गोंधळले. "तिला काय विचारणार?"

आता माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. तिला कोणीतरी बांधत होते, हे एक. आणि ते कोण हे नाताळाआधी कळले नाही, तर ज्याने बांधले तो इथेच राहणार होता आणि जिला बांधले तिची रवानगी होणार होती.

बायला आम्ही तिच्याच खोलीत भेटलो. मी साध्या कपड्यात, सोबत आमची महिला शिपाई, जी इथलीच असल्याने इथल्या आदिवासींची कोकणी बोलत असे, आणि तापीकाठच्या गावचा आमचा हवालदार. बाय आम्हाला पाहून खुश झाली. मी विचारले, "हाताला काय झालं?"

"झालं," बाय म्हणाली.

"कोणी मारलं?"

"मारलं."

"फादरनी मारलं?"

"मारलं."

मी खिशातली वही काढली. तेवढ्यात महिला शिपायाने हळूच विचारले, "आणि या साहेबांनी मारलं?"

"मारलं," बाय हसून म्हणाली.

हवालदार मागून पुटपुटला, "साहेब, आते तुमले बी अटक करनी पडी."

प्रश्नातला शेवटचा शब्द ती परत देत असे. मला वाटते, लोकांना आपलाच शब्द परत मिळाला की ते समाधानाने निघून जातात, हे तिला आयुष्यभरात कळले असावे.

दोन दिवसांत गावभर झाले की पोलीस फादरच्या मागे आहेत. एका संघटनेचे निवेदन आले की चर्चवर कठोर कारवाई करा. दुसरीचे आले की चर्चची बदनामी थांबवा. दोन्ही एकाच झेरॉक्सच्या दुकानात टाइप झालेली होती, आणि दोन्हींत बायचा उल्लेख नव्हता. निवेदन देताना फोटो काढायचा आग्रहही सारखाच.

मी स्वयंपाकिणीला विचारले, रखवालदाराला विचारले, वसतिगृहाच्या सिस्टरना विचारले. सगळे खरे बोलत आहेत असे वाटत होते, आणि ते जास्त त्रासदायक होते. खोटे बोलणारा माणूस निदान कुठेतरी अडखळतो. चर्चच्या गायनवृंदाचे मास्तर तर स्वतः समितीचे चिटणीस. त्यांनी मला नियम तोंडपाठ म्हणून दाखवले. "मुलांसोबत एकटी मोठी व्यक्ती कधीही थांबणार नाही. कायम दोन. दुसरी नसेल तर वर्ग बंद. साहेब, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही."

माणूस स्वच्छ वाटला. वर्गाला वेळेवर, दारू नाही, मुले त्यांच्यावर जीव टाकत. संशयितांच्या यादीत मी त्यांच्या नावावर काट मारली.

पुढचे पाऊल म्हणून, गायनाच्या खोलीपासून सुरुवात करून, सगळ्या आवाराचा पंचनामा करायचे ठरले. पंचनाम्याला दोन पंच लागतात. घरचे नसलेले, त्रयस्थ, जे पाहतील आणि सही करतील. हवालदार ठाण्याशेजारच्या चहावाल्याला घेऊन आला.

"आपला नेहमीना पंच लई उनू, साहेब."

चहावाला आला, दारालगतच्या बाकावर बसला, जांभई दिली आणि खोलीकडे न पाहताच म्हणाला, "सही कुठे करू?"

मला हसू आले. तालुक्यातले कितीतरी पंचनामे या माणसाच्या साक्षीने झाले होते. विहिरी, खोल्या, सुरे, मोटारसायकली, सगळ्यांचा हा साक्षीदार, आणि त्याने यातले काही डोळे उघडून पाहिले असेल याची मला खात्री नव्हती. कायद्याला दुसरा माणूस हवा होता, तो बाकावर बसलेला होता. माझे हसू तिथेच थांबले. मी त्या बाकाकडे पाहत राहिलो.

"मास्तर," किल्ली घेऊन दारात उभे होते त्यांना मी विचारले, "तुमच्या वर्गाला दुसरी मोठी व्यक्ती कोण असते?"

"बाय," ते लगेच म्हणाले. "तिचं वय चाळीस आहे."

"कुठे बसते?"

"याच बाकावर."

"बसते?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बसवावी लागते," ते म्हणाले.

चहावाल्याला मी परत पाठवले. गावातल्या दोन बायका पंच म्हणून बोलावल्या. एक पोलीस पाटलांच्या नात्यातली, दुसरी एक ठसकेबाज आजी. पंचनाम्याला दुप्पट वेळ लागला, कारण आजी प्रत्येक वस्तूपाशी थांबून "हे काय? इथे कशाला?" असे विचारत होती. वेदीसेवक मुले मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी पांढरे झगे घालतात, त्यावर कमरेला सुती दोर बांधतात. ते दोर कपाटात रांगेने टांगलेले होते, धुतलेले, पांढरेशुभ्र. एकच दोर मळकट, गाठींचा, बाकाच्या पायाशी गुंडाळलेला. तो मोजल्याशिवाय आजी सही करेना.

महिला शिपाई मुलांमध्ये जाऊन बसली, गणवेशाशिवाय, सिस्टरांच्या समोर. मुलांनी काहीही लपवले नाही. लपवण्यासारखे काही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते.

"बाय उठून कोंबड्यांकडे पळते," एक मुलगी म्हणाली. "ती गेली की मोठी माणसं एकच उरतात. मग वर्ग बंद. मग नाताळची गाणी कशी बसणार? म्हणून मास्तर तिला बांधतात. गाठ मी मारते. माझी गाठ सुटत नाही."

"हे कोणाला सांगितलं का नाही?"

"समितीवाले वर्षातून एकदा येऊन विचारायचे, तुम्हाला कोणी त्रास देतं का? आम्हाला कोणी देत नाही."

ठाण्यात मास्तरांची चौकशी फार चालली नाही. ते रडत नव्हते, आरडाओरडा करत नव्हते. गणित चुकलेल्या माणसासारखे माझ्याकडे पाहत होते.

"साहेब, माझ्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणूनच मी तिला बसवत होतो. मुलांना मी कधी हात लावला नाही."

"आणि तिला?"

"ती तर मोठी आहे ना."

"मास्तर, फलकावर दुर्बल व्यक्ती लिहिलंय. ती कोण?"

त्यांनी पुन्हा चष्मा काढला. मग म्हणाले, "असा विचारच केला नाही. नियम मुलांसाठी आहे असं वाटलं. मग दुसरी व्यक्ती मी आणायची कुठून? समितीतलं कोणी वर्गाला बसायला येत नव्हतं."

हे शेवटचे वाक्य मी जबाबात तसेच उतरवून घेतले. गुन्हा नोंदवला, कारण गुन्हा होता. अपंग स्त्रीला अन्यायाने बांधून ठेवले होते, आणि तिच्या मनगटावरची कातडी कोणाच्या सद्हेतूने भरून येत नव्हती. खटला माझ्या निवृत्तीच्या दिवशीही चालू होता. समितीतल्या कोट घातलेल्या सभासदांवर कुठलेच कलम बसले नाही. न येण्यासाठी कायद्यात शिक्षा नाही.

बायचा जबाब घ्यायला जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक विशेष शिक्षिका येत असे. बाहुली, दोर, कोंबडी, बाक अशा वस्तू मांडून ती तासन्‌तास खेळत बसायची. एकदा मी वैतागून विचारले, "मॅडम, किती वेळ लागेल?" ती म्हणाली, "साहेब, तिला 'नाही' म्हणायला कोणी शिकवलेलंच नाही. आधी ते होऊ द्या."

जबाब झाला. फादरांनी रवानगी रद्द केली आणि तसे मिस्सात सर्वांसमोर सांगितले. फलक काढला नाही, पण वर्गाला दुसरी व्यक्ती म्हणून त्या पंच आजीला नेमले. ही मात्र त्यांची खरी हुशारी.

निवृत्तीनंतर एका नाताळाला मला तिथे पाहुणा म्हणून बोलावले. हार-तुऱ्यांना मी नको म्हटले आणि गायनाच्या सरावाला जाऊन दारालगतच्या त्याच बाकावर बसलो. नवे मास्तर तरुण होते. समोरच्या बाकावर आजी, तिच्या शेजारी बाय. मनगटात हिरव्या बांगड्या, मणियारणीने भरलेल्या. एका गाण्याच्या मध्यावर बाय उठली आणि दाराकडे निघाली. नव्या मास्तरांचा हात हवेत थांबला, गाणे तुटले.

"गा की," आजी ओरडली. "ती कोंबड्यांकडे चाललीय. मी मेले नाही अजून. आणि मघाशी सूर तुझाच गेला होता, पोरांचा नाही."

मुले खिदळली. बाय माझ्याजवळून जात होती. पाहुणा म्हणून काहीतरी गोड बोलावे, म्हणून मी सरकून बाकावर जागा केली आणि विचारले, "बसतेस?"

इतकी वर्षे साक्षीदार शोधत फिरलो. वय, ओळखपत्र, सही एवढे जमले की माणूस चालतो, असे मीही मानत आलो होतो. साक्षीदाराकडून खरी अपेक्षा काय करायची, हे मला त्या दारात समजले, म्हणजे समजले असे वाटते.

बायने माझ्या प्रश्नावर थोडा विचार केला.

"नाही," ती म्हणाली, आणि कोंबड्यांकडे गेली.