डोक्यावर भरलेली बादली

पहाटे साडेचारला नरसिंगचा दिवस सुरू व्हायचा. पाचला टेम्पो आला की केळीचे घड कापणारी त्याची टोळी अर्धापूरच्या शिवारात निघायची. तो टोळीचा मुकादम. घड आपटला की फळ काळं पडतं. म्हणून ज्याच्या हातून आपटे, त्यानं तोच घड डोक्यावर घेऊन गाडी भरेपर्यंत उभं राहायचं. ही शिक्षा नरसिंगनंच लावलेली.

घरीही तोच कायदा. भांडं खरकटं राहिलं की लेकीच्या, उज्वलाच्या, डोक्यावर पाण्यानं भरलेली बादली. पोरगी रडायची नाही. त्याचं नरसिंगला कौतुक वाटे.

पुढं ती नर्सिंग शिकायला लातूरला गेली. दुसऱ्या वर्षी वसतिगृहातून फोन आला, "ताबडतोब या."

वॉर्डनबाईंच्या खोलीत उज्वला खाली मान घालून उभी होती. बाकावर पहिल्या वर्षाची सिंधू, तोंडाला रुमाल लावून. शेजारी तिची आई पार्वतीबाई, नायगावहून आलेली.

"तुमच्या मुलीनं हिला डोक्यावर भरलेली बादली देऊन पाऊण तास उभं केलं," बाई म्हणाल्या. "का, तर खोली नीट झाडली नाही. चक्कर येऊन पडली, पुढचे दोन दात गेले. असलं रॅगिंग उज्वलाला सुचलं कुठून?"

"मोबाईलवर बघितलं," उज्वला पटकन म्हणाली. बापाकडं तिनं पाहिलंही नाही.

नरसिंगला सुटल्यासारखं वाटलं. आणि तसं वाटलं याचीच त्याला किळस आली.

"हिला काढूनच टाका, बाई," पार्वतीबाई कडाडल्या. "काहो भाऊ, घरी काई शिकवलं का न्हाई? का नुसतं खाऊ घालून सोडलं?"

"शिकवलं, अक्का," नरसिंग म्हणाला. "हेच शिकवलं. मीच हिला असं उभं करायचो. माझ्यासाठी खोटं बोलून राहिली ती."

"आबा, गप बसा ना."

"दहा वर्षांची होती तवापासून."

पार्वतीबाईंनी उज्वलाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "किती येळ उभं करायचा लेकराला?"

"घड्याळ बघितलं न्हाई कधी."

नरसिंगला मान वर करता येईना.

कॉलेजातून उज्वलाचं नाव कमी झालं नाही. वसतिगृह मात्र सुटलं, वर्ष वाया गेलं. नरसिंगनं मुकादमी सोडली आणि स्वतः घड वाहू लागला. सिंधूच्या दातांच्या दवाखान्यात पार्वतीबाईंनी त्याला येऊ दिलं नाही. दिवाळीपर्यंतच्या त्याच्या मजुरीतून सिंधूचे पुढचे दोन दात बसले.