गळ्यातली पिशवी

"दाखव," फाटकावरची याडी म्हणायची आणि उजवा तळहात पुढे करायची. समोरची बाई हसत गळ्यातली दोरी ओढायची, पोलक्यातून कापडी पिशवी बाहेर काढायची आणि आतलं आधार कार्ड त्या तळहातावर ठेवायची. याडीला वाचता येत नव्हतं. फोटो आणि चेहरा तेवढा ताडून पाहायची, मग "जाय माय, घरी जाय" म्हणून कार्ड परत करायची.

दिग्रसजवळच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ती बायकांच्या फाटकावर झडतीला होती. सुटीच्या वेळी कुणी पदराआड रुई नेत नाही ना, एवढंच पाहायला मालकांनी तिला ठेवलेलं. कारखान्यांची फाटकं तुम्हीही पाहिली असतील. तिथं काही सापडलं तर माणूस अडवतात. हिच्या फाटकावर कार्ड सापडलं नाही तर अडवणूक व्हायची. रुई तिला इतक्या वर्षांत एकदाही सापडली नाही, आणि माझी खात्री आहे की ती शोधतच नव्हती.

ती जवळच्याच बंजारा तांड्यावरची. सगळ्याजणी तिला याडी म्हणायच्या, म्हणजे आई. मी तिथला कारकून, वयानं तिच्या मुलाएवढा. मीही तेच म्हणायला लागलो. एकदा मालकांची मेहुणी जिनिंग पाहायला आली, तर हिनं तिच्यापुढेही हात पसरला. पर्समधून लिपस्टिकपासून सगळं निघालं, कार्ड मात्र घरी. याडीनं तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मला हाक मारली, "बाबू, हे बाई बिनाकागदाची फिरून राह्यली!" पुढचे आठ दिवस मालक माझ्याशी धड बोलले नाहीत.

पिशव्या तीच शिवायची. रुईच्या गाठी बांधायच्या कापडाचे तुकडे उरत, ते ती मागून न्यायची. नवी बाई कामाला लागली की पहिल्याच दिवशी तिच्या गळ्यात पिशवी पडायची, आणि पिशवीवर एक बारकासा आरसा टाचलेला असायचा. "आरसा कशाला गं?" मी एकदा विचारलं.

"बाईले आरसा लागते," ती म्हणाली. "तुम्हाले नाही समजत."

आता माझी गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मान खाली जाते.

एका हंगामात ठेकेदारानं मध्य प्रदेशातून वीस बाया आणल्या. त्यांची कार्डं रबर लावून त्यानं माझ्या टेबलावर ठेवली. "सांभाळा बाबू. या हरवतात." मी पडलो टापटिपीचा माणूस. प्रत्येक कार्डाला वेगळं पाकीट केलं, वर नाव घातलं, पाकिटं लोखंडी कपाटात ओळीनं लावली आणि चावी खिशात टाकली. आमची रुई सूतगिरणीत जाते आणि ते सूत पुढे कपड्याच्या एका मोठ्या कंपनीकडे. त्याच सुमाराला त्या कंपनीकडून एक फॉर्म आला. तुमच्याकडे कुणाकडून जबरदस्तीनं काम करून घेतात का? कामगारांची कागदपत्रं तुम्ही ठेवून घेता का? मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "होय. कुलूपबंद कपाटात, अत्यंत सुरक्षित." अगदी खूश होतो स्वतःवर.

कार्डं कपाटात गेली त्याच संध्याकाळी फाटकावर वीस पिशव्या रिकाम्या निघाल्या. याडी तडक ऑफिसात आली.

"चावी कोनापाशी हाय?"

"माझ्यापाशी. तू काळजी करू नकोस."

"कार्ड तुमच्यापाशी. मंग बाई कोनापाशी?"

मला राग आला. "तुला यातलं काही कळत नाही," असं मी तिला म्हणालो. ती फाटकावर परत गेली. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या वीसजणींपुढे ती हात पसरायची, रिकामी पिशवी पाहायची आणि माझ्या खिडकीकडे नजर टाकायची. मी रजिस्टरात डोकं घालून बसायचो.

पंधरा दिवसांनी भर दुपारी फुलवंती नावाची त्यातलीच एक मुलगी गाठोडं घेऊन माझ्या दारात उभी राहिली. आई दवाखान्यात आहे, वाट पाहते आहे, असा फोन आला होता. कार्डाशिवाय बाहेर पडलात तर पोलीस धरतील, असं ठेकेदारानं त्यांच्या डोक्यात भरून ठेवलेलं, म्हणून ती कार्ड मागत होती. मागोमाग ठेकेदार आला आणि हसायलाच लागला. "जाते कुठं? कार्ड तं बाबूच्या कपाटात हाय. हंगाम झाला का जाईन."

तो माझं कौतुकच करत होता. कार्डं सांभाळायला म्हणून लावलेलं कुलूप मी वीस बायकांना लावून बसलो होतो.

याडी कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिनं तळहात माझ्यापुढे धरला. "दाखवा." मी खिशातून माझं कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं फोटो पाहिला, माझा चेहरा पाहिला.

"तुमचं तुमच्या खिशात हाय. मंग हिचं हिच्या गळ्यात काहून नाही?"

"बाबू, कपाट उघडलं तं पुढच्या हंगामात एक बाई आणणार नाही. मालकाले तुम्हीच सांगजा," ठेकेदार म्हणाला.

नोकरी जाईल अशी भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण उघडलं कपाट. एक नाही, वीसच्या वीस पाकिटं याडीच्या हातात दिली. तिनं फुलवंतीचं कार्ड पिशवीत घातलं, दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली आणि तिला यवतमाळच्या गाडीत बसवून द्यायला स्वतः स्टँडवर गेली. त्या दिवशी फाटकावर मी बसलो.

परत आली ती माझ्या शेजारी बाकावर टेकली. "माही याडी मेली तवा मी वीटभट्टीवर होती. रेशनकार्ड मालकानं ठेवून घेतलतं. तोंड नाही पाह्यलं मी तिचं." मग म्हणाली, "चहा सांगा बाबू." मी सांगितला नाही, स्वतः जाऊन घेऊन आलो.

फुलवंतीला आई आणखी चार दिवस लाभली. फोन याडीला आला होता. उरलेल्यांपैकी दोघी गेल्या, बाकीच्या हंगाम संपेपर्यंत राहिल्या. मालक माझ्यावर तापले आणि काम अडत नाही असं पाहून निवले. अजून न पाठवलेल्या फॉर्मवरचं उत्तर खोडून मी खरं काय घडलं ते लिहून पाठवलं. कंपनीचा माणूस पाहणीला आला तेव्हा त्याला फाटकावर नेलं. त्याचं कार्ड तपासून याडीनं मला हळूच सांगितलं, "चांगला दिसते हा."

या पौषात ती गेली. फाटकावर नवी बाई आली आहे, पण सुटी झाली की बायका सवयीनं गळ्यातली दोरी चाचपतात.

महिनाभरानं तिचा मुलगा ऑफिसात आला. मृत्यूच्या दाखल्यासाठी तिचं कार्ड हवं होतं. "अख्खं घर उलथलं बाबू, सापडतच नाही."

"गळ्यातली पिशवी पाहिली का?"

त्यानं मान खाली घातली. "ते तं दुखण्यातबी काढू देत नव्हती. आम्ही तशीच नेली तिले."

"बरं केलंत," मी म्हणालो. आमच्या रजिस्टरात तिचा नंबर होता. तो त्याला उतरवून देताना मला आकडे दिसेनात.