फेस टिकायला हवा

बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, थर्मामीटर असायचा. ताप मोजायचा नव्हे, प्रयोगशाळेतला, वीतभरापेक्षा लांब. पर्सची चेन त्याच्यामुळे कधीच पूर्ण लागत नसे. विरजणाचं दूध, आंघोळीचं पाणी, डाळीचं आधण, कशाच्याच बाबतीत बाई बोटावर विश्वास ठेवत नसत. एकदा कँटीनमधल्या चहात तो बुडवून त्या काउंटरवरच्या माणसाला म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस. हा चहा आहे की अंघोळीची सोय?" त्या दिवसापासून बाईंचा चहा वाफाळता येऊ लागला आणि तो निवेपर्यंत आम्हा सगळ्यांना त्यांच्यासाठी थांबावं लागू लागलं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकहून तिथे शिकाऊ केमिस्ट म्हणून गेले. बाई पन्नाशीच्या, अविवाहित, बोईसरजवळ सरावलीला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. त्यांतली एक त्यांनी मला दिली. पोचवायला आलेल्या बाबांनी त्यांची सुती साडी, घट्ट अंबाडा आणि जाड भिंगांचा चष्मा पाहिला आणि ते निर्धास्त मनाने परतीच्या एसटीत बसले. मी नोकरी करावी हे त्यांना तितकंसं पटलेलं नव्हतं. "तिथलं काही वावगं दिसलं तर त्याच दिवशी परत," एवढीच त्यांची अट होती.

वावगं मला तिसऱ्या आठवड्यात दिसलं. ते स्वयंपाकघरात ओट्याखाली होतं, स्टीलच्या मोठ्या पिंपात, आणि वास मारत होतं. मी कुणाला सहसा काही विचारत नसे. शाळेतही नाही, घरीही नाही. पण रोज जेवताना पायाशी काहीतरी वास मारतंय म्हटल्यावर मलाही राहवेना.

"बिअर आहे," बाई भात वाढत म्हणाल्या. "अजून झालेली नाही. होईल असंही नाही."

तरुणपणी कंपनीने त्यांना सहा महिने इंग्लंडला शिकायला पाठवलं होतं. तिथल्या एका लहानशा गावात त्या ज्या विधवा म्हातारीकडे राहत होत्या, ती घरच्या बादलीत बिअर करायची. संध्याकाळी शेगडीपाशी बसून एक ग्लास स्वतःला, एक बाईंना. त्या बिअरचा फेस सायीसारखा जाड असे. प्रत्येक घोटाला ग्लासच्या आतून फेसाचं एक कडं उरे, आणि ग्लास रिकामा झाला की कडी मोजून म्हातारी सांगायची, आज तू घाईत प्यायलीस. बाईंना परत येऊन वीस वर्षं झाली होती आणि ती कडी त्यांना पुन्हा दिसली नव्हती. इथली बाटली त्यांनी भावाकरवी एकदा मागवली होती. "ओतली आणि चष्मा पुसला. तेवढ्यात फेस मेला," असं त्या सांगत.

"पण करता कशासाठी?" मी विचारलं. संशोधन वगैरे काहीतरी उत्तर येईल असं मला वाटलं होतं.

"प्यायला. दुसरं काय करतात त्याचं?" बाई म्हणाल्या. "दारूच्या दुकानाच्या खिडकीशी मी उभी राहिले तर संध्याकाळपर्यंत माझा संसार मोडल्याची बातमी बोईसरभर होईल. आणि मी तर तो मांडलेलाच नाही."

बाईंची पद्धत अशी. जव भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, गच्चीवर वाळवायचे, किंचित भाजायचे आणि गिरणीतून जाडसर भरडून आणायचे. गिरणीवाला दर वेळी विचारी, "सातू का?" बाई म्हणत, "जव." एवढंच. खोटं बोलायचं नाही आणि विचारल्याखेरीज खरं सांगायचं नाही. मग भरडा गरम पाण्यात ठेवायचा, आणि इथे थर्मामीटरचं राज्य सुरू होई. पासष्टच्या वर पारा गेला की बाई गॅसवर झडप घालत, खाली आला की माझ्याकडे बघत, जणू मी फुंकर मारली. शेवटी गाळून, उकळून, निववून त्यात आंबवण्यापुरती ताडी.

कडूपणासाठी विलायतेत कसलीशी वेगळी फुलं घालतात. ती बोईसरच्या बाजारात कुठून मिळणार? बाईंनी काडेचिराईत आणलं. लहानपणी जंतांवर ते ज्याला पाजलं गेलंय त्याला मी अधिक काही सांगायला नको. त्या खेपेचा एक चमचा त्यांनी माझ्यापुढे धरला. मी गिळला.

"कसं आहे?"

"नाइस," मी म्हणाले. माझी सगळी शाळा इंग्रजीतून झालेली. पाहुण्यांपुढे सुटका करून घ्यायला हा शब्द आजवर पुरला होता.

"नाइस ही चव नाही," बाई म्हणाल्या. "जिभेवर आलं ते सांग."

मला खरोखर सांगता येईना. गोड, तिखट आणि खारट यांच्यापुढे माझं मराठी संपत होतं. मग बाईंनी डबे उघडून मला शिकवायला सुरुवात केली. सुपारी चघळायला देऊन म्हणायच्या, हे तुरट. भाजलेले जव देऊन, हे खमंग. दोन दिवसांचं ताक, हे आंबूस. करपलेलं दूध, हे धुरकट. रविवारची दुपार अशी तोंडं वाकडी करण्यात जाई. महिन्याभरात मी एक चमचा घेऊन सांगू लागले, "आधी खमंग, मग तुरट, आणि गिळल्यावर मागे कडू राहतंय, पण ते नको असं वाटत नाही." एवढं लांब वाक्य मी तोपर्यंत कुणाहीसमोर बोलले नव्हते. बाईंनी फक्त मान हलवली आणि चमचा धुवायला टाकला.

ताडी आणून देई ती काशीबाय. सातपाटीची मासेवाली, डोक्यावर बोंबलांची टोपली आणि हातात ताडीचा लोटा. पहिल्या खेपांना ती ताडी घालूनही पिंपात काही हालचालच होईना. बाईंनी पाण्याचा दोष काढला, पिंपाचा काढला, माझ्या फुंकरीचाही काढला. एके सकाळी काशीबाय मासे साफ करायला जरा टेकली आणि तिने ताडी गॅसवर उकळताना पाहिली.

"बाई, ती शिजवता कशाला? भात हाय काय?"

"जंतू मरायला हवेत ना," बाई म्हणाल्या.

काशीबायने कोयता खाली ठेवला आणि ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "मेल्यावर काम कोण करंल मग?"

बाईंनी गॅस बंद केला. वीसहून जास्त वर्षं औषधांच्या कारखान्यात जे दिसेल ते उकळून घ्यायची सवय. ज्या जिवंत गोष्टीसाठी ताडी आणायची तीच आम्ही दर वेळी शिजवून मारत होतो, आणि दोघींच्या मिळून विज्ञानाच्या तीन पदव्या होत्या. "आलं ते लिही," बाई मला म्हणाल्या. हे त्यांचं प्रयोगशाळेतलं वाक्य. निकाल कसाही येवो, आला तसाच वहीत उतरवायचा. मी लिहिलं, 'ताडी शिजवली.'

त्यानंतर पिंप असं गुडगुडू लागलं की वरच्या मजल्यावरच्या वहिनी पंप बिघडला का म्हणून विचारायला आल्या. आता अडचण उरली बाटल्यांची. सरबताच्या बाटल्यांना बुचं लावून ठेवलं तर बुचं छताला लागत आणि वायू निघून जाई. ग्लासात ओतलं की चहाच्या रंगाचं निपचित पाणी. चव जमली होती, फेस नव्हता. बाई ग्लास खिडकीशी धरून बघत बसत आणि मग निमूट पिऊन टाकत.

उपाय त्यांना पालघरच्या बाजारात सापडला. एका भंगारवाल्याकडे गोटी सोड्याच्या जुन्या जाड बाटल्या पडल्या होत्या. बाई सगळ्या घेऊ लागल्यावर तो म्हणाला, "मॅडम, लोग यहाँ बेचने आते हैं. लेनेवाली आप पहली." बाई म्हणाल्या, "गोटी सबमें है ना? हिलाके दिखाओ." गोटी सोड्याची बाटली उलटी धरली की गोटी तोंडाशी येऊन बसते आणि आतला वायूच तिला दाबून धरतो. बुचाची गरजच नाही. आम्ही बाटल्या भरल्या, चिमूटभर साखर घातली आणि बादलीत उलट्या उभ्या केल्या. आठवडा झाल्यावर त्या सरळ केल्या तरी एकही गोटी खाली पडली नाही. बाईंनी बादलीभोवती एक फेरी मारली. "उद्या रविवार. जेवण झाल्यावर एक उघडू," त्या म्हणाल्या. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी काचेचा एकच एक विलायती ग्लास दोनदा धुतला.

रविवारी सकाळी न कळवता बाबा आले.

मे महिना, आणि जव्हारच्या घाटातून एसटीचा प्रवास. बाबांना आम्लपित्ताचा त्रास होता आणि त्यावर सोडा हे त्यांचं एकमेव औषध. बाई आत पोहे करत होत्या. मोरीच्या दाराशी थंड पाण्याच्या बादलीत गोटी सोड्याच्या बारा बाटल्या पाहून बाबांचा चेहरा उजळला. "वा, बाईंनी सोय ठेवलीय," म्हणत त्यांनी एक उचलली. मी "बाबा, तो" इथपर्यंत आले होते तेव्हा गोटी आत गेल्याचा आवाज झाला आणि निम्मी बाटली घशाखाली गेली.

बाबांनी बाटली तोंडापासून दूर धरली. "कडू आहे."

ते अगदी बरोबर होतं.

आवाज ऐकून बाई झारा घेऊन बाहेर आल्या होत्या. बाबांनी विचारलं, "बाई, हे काय आहे?"

जवाचं पाणी असं सांगता आलं असतं. मुतखड्यावर ते घरोघर देतात. मी मनातल्या मनात त्यांना ते सुचवतही होते.

"बिअर आहे," बाई म्हणाल्या. "मी घरी करते."

बाबा पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. ते आवाज चढवत नसत. त्यांनी बाटली खाली ठेवली, रुमालाने ओठ टिपले आणि मला म्हणाले, "सामान बांध."

ती नोकरी, ती खोली, रविवारची ती चव घेणं, सगळं एका ट्रंकेत जाणार होतं, आणि नाशिकला गेल्यावर पुढे काय होणार तेही मला ठाऊक होतं. मावशीने दोन स्थळं आणून ठेवली होती.

"मला इथे राहायचंय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की बाबांनी "काय?" विचारलं आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"बिअर करणाऱ्यांच्या घरात?"

बाईंनी झारा बाजूला ठेवला. "तिला नेऊ नका. काम चांगलं करते. ही अडचण आत्ता दूर करते," असं म्हणून त्यांनी बादली उचलली, मोरीत नेली, पदर खोचला आणि पहिल्या बाटलीची गोटी अंगठ्याने दाबली.

टॉक. बाटली उलटी झाली. मग दुसरी, तिसरी. वरच्या वहिनींनी जिन्यातून विचारलं, "कसली पार्टी?" शेवटची बाटली रिती होईपर्यंत बाबा आणि मी मोरीच्या दारात येऊन उभे होतो, कारण आतून पांढरं काहीतरी उंबऱ्याकडे येत होतं.

फेस होता. दाट, सायीसारखा, घोट्यापर्यंत आलेला. त्यात बाई साडी वर धरून उभ्या होत्या. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मोरी तुंबलीय," बाबा म्हणाले.

"नाही. पाणी केव्हाच गेलं. हा नुसता फेस."

"एवढा वेळ?"

"टिकायलाच हवा," बाई म्हणाल्या, "पण आजवर एकदाही टिकला नव्हता."

बाबांनी आयुष्यभर धरणांवर पाण्याच्या पातळ्या पाहिल्या होत्या. ते चपला काढून उंबऱ्याशी उकिडवे बसले. आम्ही तिघंही बघत राहिलो. फेस हळूहळू खाली बसत गेला आणि भिंतीच्या पांढऱ्या फरश्यांवर, होता त्या उंचीला, एक पिवळसर कडं उरलं. जरा खाली आणखी एक.

बाबांनी बोटाने दाखवलं. "रेषा सोडतोय."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावून पाहिलं. कडी तिथेच होती. मग त्यांनी तांब्या भरून घेतला आणि भिंतीवर पाणी मारलं.

"पुन्हा करणार?" बाबांनी विचारलं.

"ही इथे असेपर्यंत नाही."

बाबा उंबऱ्यावरून उठले. मग ते पोह्यांना बसले, दुसऱ्यांदा मागून घेतले आणि दुपारच्या एसटीने एकटेच परत गेले. सामानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

बाईंनी शब्द पाळला. मी आणखी तीन वर्षं तिथे राहिले. काशीबाय सवयीने विचारी, "बाई, तारी हवी काय?" आणि बाई म्हणत, "नको, बोंबील दे." पिंपात तांदूळ आले. गोटीच्या बाटल्या माळ्यावर गेल्या. कधी रविवारी जेवण झाल्यावर बाई रिकामा विलायती ग्लास खिडकीशी धरून पुसत बसत, आणि तो स्वच्छच असे. एकदा मीच म्हणाले, बाबांना कसं कळणार? बाई म्हणाल्या, "मला कळेल ना," आणि आमटीत थर्मामीटर बुडवला.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. त्या दिवशी बाई बोईसरच्या एसटी स्टँडवर पोचवायला आल्या. ट्रंक त्यांनीच टपावर चढवून घेतली आणि खिडकीतून माझ्या हातात डबा दिला. मी रडायच्या बेतात होते. काहीतरी बोलावं, आभार मानावेत, म्हणून मी शब्द जुळवत होते. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"गाडी सुटायला अवकाश आहे," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. पण मी निघते गं," बाई म्हणाल्या. "जव रात्रभर भिजायला हवेत."

आणि त्या निघाल्याच. सरावलीच्या रिक्षा उजवीकडे उभ्या होत्या. बाई डावीकडे वळल्या, किराणा बाजाराच्या दिशेने, पन्नाशी उलटलेल्या बाईने चालावं त्याहून बऱ्याच वेगाने.