आईनं गोंदून घ्यायचं ठरवलं

आमच्या घरात गोंदून घ्यायचं खूळ शिरलं ते माझ्या आईच्या डोक्यात, आणि तेही पन्नाशी उलटल्यावर, माझं लग्न तोंडावर आलेलं असताना. त्रेसष्ट साल असावं. आम्ही इस्रायलमध्ये रामल्याला राहत होतो. बाबा सिमेंटच्या कारखान्यात, मी शिवणाच्या कारखान्यात, आणि आई घरात बसून आम्हा दोघांवर मुकादम.

माझा होणारा नवरा इराकहून आलेल्या घरातला. मी आमच्याच, म्हणजे कोकणातून मुंबईमार्गे आलेल्या बेने इस्राएल लोकांत लग्न करत असते तर कुणी काही विचारलं नसतं. बाहेर करायचं म्हटल्यावर रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कचेरीतून बोलावणं आलं. ज्यूंची लग्नं इथे रब्बीच लावतात, त्यांनी मान हलवल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. इतक्या पिढ्या हिंदुस्तानात राहिलेली ही माणसं खरंच ज्यू आहेत का, अशी त्यांना शंका होती. त्यांनी आईला तिच्या आईबद्दल विचारलं, मग आजीबद्दल, मग पणजीबद्दल. आईचं हिब्रू बाजारापुरतं, म्हणून मी मधे बसून दोन्हीकडचं सांगत होते. शेवटी ते म्हणाले, चौकशी करावी लागेल, पुढच्या गुरुवारी परत या.

"काय बोलला गो तो?" बाहेर आल्यावर आईनं विचारलं.

"बोलला, तू ज्यू आहेस का ते बघायला लागेल."

हे गोड करून सांगता येण्यासारखं नव्हतंच. आई घरी येईपर्यंत गप्प राहिली. आई गप्प झाली की आमच्याकडे काचेची भांडी उचलून वर ठेवायची पद्धत होती.

जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "मी गोंदून घेणार."

बाबांचा घास हातातच राहिला. पण मला या रागाचं मूळ ठाऊक होतं, कारण ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. आईचं माहेर अलिबागेकडचं, वडिलांचा तेलाचा घाणा. शनिवारी धर्माप्रमाणे घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. गोंदणारी बाई गावात आली की मुली अंगणात ओळीनं बसायच्या. एकदा आईही हात पुढे करून बसली. तिची पाळी आली तेवढ्यात तिचे वडील घाण्यावरून तसेच तेलकट हातांनी धावत आले आणि तिला उठवून घेऊन गेले. आपल्या धर्मात चालत नाही, म्हणाले. मैत्रिणींनी वर मीठ चोळलं. मेल्यावर सोनंनाणं इथेच राहतं, बरोबर येतं ते गोंदण. तू आपली तिकडे लंकेची पार्वती होऊन जाशील. आई त्या दिवशी जेवली नाही, आणि मला वाटतं ते जेवण तिच्या पोटात अजून बाकी होतं.

"ज्यू म्हणून मना तवा गोंदू दिला नाय," ती बाबांना म्हणाली. "आता हा बोलतो, ज्यू नाय. मग माजा हात कोरा ठेवला कशापायी?"

बाबांनी ताटाकडे बघत भात कालवायला घेतला. माझी मात्र पाचावर धारण बसली. जी गोष्ट आपल्या धर्मात करायची नाही ती करून आई गुरुवारी रब्बींसमोर बसली, तर माझं लग्न तिथेच निकालात निघणार होतं.

रामल्यात गोंदणार कोण, हा माझा शेवटचा आधार. पण बाजारात आई ज्या बेदुईन बाईकडून पुदिना घ्यायची, तिच्या हनुवटीवर हिरवे ठिपके होते. म्हणूनच तर आई तिच्याकडून घ्यायची. एकीला मराठी, एकीला अरबी, तरी दोघींचं हातवाऱ्यांनी असं जमायचं की मला हेवा वाटे. सुई तिच्याकडे होती, काजळीही होती. बुधवारचं ठरून गेलं.

काय गोंदायचं यावर वाद नव्हता. तुळस नको, सीतेचा पदर नको, आईला घाणा हवा होता.

"बैलासकट?" बाबांनी विचारलं.

कुठे, यावर मात्र तीन दिवस गेले. मी म्हटलं, पाठीवर. "पाठीवर मना काय दिसणार?" बाबा म्हणाले, "मला दिसेल की." आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते पाणी प्यायला उठले. मी पोटरी सुचवली. "रब्बी काय माजी पोटरी बगायला येणार हाय?" खरी अडचण हीच होती. आईला ते रब्बींना दिसायला हवं होतं, आणि ते कुणालाही दिसू नये म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी तिनं हात पक्का केला, मनगटाच्या वर, गावातल्या मुलींचं असायचं तिथेच.

खाली एक हंगेरियन बाई राहायच्या. उन्हाळ्यातसुद्धा पुऱ्या बाह्यांचा झगा घालणाऱ्या, आईच्या कॉफीच्या सोबतीण. आईनं त्यांच्यासमोर हात पसरला आणि बोटानं दाखवलं, इथे बरं दिसेल? त्यांनी आपल्या बाहीचं बटण काढलं. आत नाझींच्या छावणीत गोंदलेला निळा आकडा होता. "इथे नको," त्या हिब्रूत म्हणाल्या. एवढं हिब्रू आईला येत होतं. तिनंच त्यांची बाही खाली केली, बटण लावलं, आणि कॉफी निवली म्हणून दुसरी करायला उठली. त्या दिवसापासून हाताचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही.

उरली हनुवटी. तिथे बैल मावेना, घाणाही मावेना, म्हणून तीन ठिपक्यांवर तडजोड झाली. बुधवारी मी कारखान्यात खाडा केला आणि आईच्या मागे बाजारात गेले, वाटेत रडून बघितलं, चिडून बघितलं, काही उपयोग झाला नाही. पुदिन्याच्या जुड्या बाजूला सारून आई गोणपाटावर बसली. बाईनं काडीनं हनुवटीवर काजळीचे तीन ठिपके दिले, मान तिरकी करून बघितलं आणि सुई उचलली.

"थांब," आई म्हणाली.

बाई थांबली. आई माझ्याकडे वळली.

"बाय, हे गोंदलं तर त्या रब्बीचाच खरा होईल. तो बोलेल, बग, मी बोललो नव्हतो?"

मला इतका आनंद झाला की मी त्या बाईचा सगळा पुदिना विकत घेतला. आठवडाभर आम्ही पुदिना खात होतो.

काजळी मात्र घासूनही पुरती गेली नाही. गुरुवारी आई पदर हनुवटीवर घट्ट धरून रब्बींसमोर बसली. त्यांना तो विनय वाटला असावा, कारण ते जरा बऱ्या आवाजात बोलले. म्हणाले, तुमच्या घरात धर्म पाळला जात होता याचा काही पुरावा आहे का?

मी मराठीत सांगितलं. आईनं पोलक्याची बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला.

"हा बग म्हणावं. आख्ख्या गावात एवढाच कोरा."

रब्बींनी चटकन छताकडे बघितलं. परक्या बाईचा उघडा हात बघणं त्यांना धर्मानं मना. "झाका म्हणावं," ते पंख्याला म्हणाले.

"बगत का नाय तो? त्याला बग म्हणावं!"

एकीकडे बघ, एकीकडे झाक. मधे मी, आणि माझं लग्न. मला हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती. मी रब्बींना सगळं सांगून टाकलं: अंगण, ओळ, तेलकट हातांनी धावत आलेले आजोबा. सांगता सांगता माझं हसू कुठे गेलं कळलं नाही. आई टेबलावरचा हात हलवत नव्हती.

रब्बींची नजर वरच होती. मग त्यांचा आवाज उतरला. "तुमच्या आईला सांगा," ते म्हणाले, "तिच्या वडिलांनी चांगल्या ज्यू माणसानं करावं तेच केलं."

मी सांगितलं. आईनं सावकाश बाही खाली केली.

"आता त्याला बोल," ती म्हणाली, "जे बोललास, ते लिहून दे."