ठमीचा पुढचा पाय

रोह्याजवळच्या वरसेहून पोराचा फोन आला तेव्हा मी ठमीला, आमच्या मांजरीला, दूध घालत होतो. "बाबा, आई गेली," एवढंच विलास बोलला आणि रडायला लागला. चार दिवस त्याच्याकडे राहते म्हणून लीला पेणला रोह्याच्या गाडीत बसली होती. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली, संपली... त्याला महिना उलटला. रडून झालं माझं. आता राग उरलाय, तो लिहितो. शाळा चौथीपर्यंत, शब्द वाकडा गेला तर सांभाळून घ्या.

तेराव्याला माझ्या पडवीत बसून, माझ्या घरचे लाडू खात माणसं माझ्याच बायकोला हसत होती. "माणसाला डॉक्टर भेटत नाय आणि लीलाबाय मांजराचं ऑपरेशन करून आली," म्हणे. लीला असती तर तिनं हातातला लाडू काढून घेतला असता.

त्या ऑपरेशनाच्या वेळी ठमी चार-पाच महिन्यांची होती. लीला जन्मभर गणपतीच्या कारखान्यात कामाला. तिथंच साच्यांची फळी पिल्लावर पडली आणि उजवा पुढचा पाय कोपराखाली लोंबायला लागला. बायका म्हणाल्या, "मूर्तीचा हात मोडला तर काय करतो गो आपण?" झालं. प्लास्टर कालवलं, त्यात काथ्या घातला आणि पायाला थापलं. दुसऱ्या दिवशी पंजा टम्म सुजला. त्या ओझ्यानं पिल्लाला पाय उचलता येईना, नुसतं ओरडत पडलं. पेणेतच जनावरांच्या एका डॉक्टराकडे नेलं. त्यानं हातसुद्धा लावला नाय. "पाय काढून टाकू, नायतर सोडून द्या कुठं तरी. मांजरं काय, पैशाला पासरी." लीला म्हणाली, "तुमचा मोडला तर तुमच्या बायकोला असंच सांगू काय?" आणि पिल्लू पिशवीत घालून तशीच रोह्याच्या एस्टीत चढली. मी मागोमाग.

रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी ते प्लास्टर काढलं आणि लीलाला झापलं. "मावशी, हा गणपती नाही. ह्याच्यात रक्त फिरतं." मग एक्स-रेचा फोटो काढला. कोपराखालची दोन्ही हाडं मोडलेली. एवढ्या बारीक पायावर बाहेरचं प्लास्टर टिकत नाय, सरकतं आणि हाड वाकडं जुळतं, असं त्या म्हणाल्या. पाय उघडून हाडाची टोकं समोरासमोर आणायची, वर स्टीलची बारीक पट्टी ठेवून स्क्रू मारायचे. कोवळं हाड लवकर धरतं. पण मनगटाजवळ हाड जिथून वाढतं तिथं धक्का लागता कामा नये, नायतर पाय आखूड राहील. लीला सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे आधार आतून द्यायचा." बाई हसल्या. "बरोबर. तुम्ही बाहेरून दिलात."

नंतर काही आठवडे पिल्लाला खोक्यातच ठेवायचं होतं, उडी बंद. लीलानं ठेवलं. टाके सुकले, आणि एक दिवस अंगणात ठमीनं तो पाय टेकला, मग त्यावर भार दिला. लीलानं कुणाला हाक मारली नाय. रंगाच्या हातानंच डोळे पुसले. गालावर पिवळा पट्टा संध्याकाळपर्यंत तसाच.

आणि तिच्या तेराव्याचं जेवण झाल्यावर पोटचा पोर मला सांगतो, "बाबा, तुम्ही आता वरसेलाच चला. फ्लॅटमध्ये मांजर चालत नाय. ठमीला धरमतरला जेट्टीवर सोडतो, मच्छी खाऊन राहील."

म्हटलं, "कुत्री काय कमी हायत तिथं?"

"बाबा, मांजर हाय ते."

"तुझ्या आईचं काम हाय ते. तिनं केलेलं एक काम तुला सांभाळता येत नाय, मला काय सांभाळणार?"

विलास उठला. बायकोला म्हणाला, चल. कंपनीत शिफ्ट होती म्हणे... असेल. लोक म्हणतात, म्हातारा मांजरापायी पोराशी भांडला. व्हय, भांडलो. अजून भांडेन.

स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेरून एक तिरपी फळी हाय. ठमीला उडी मारायला लागू नये म्हणून लीलानं स्वतः ठोकली, निम्मे खिळे वाकडे. पाय कधीचा बरा झाला, ठमी आता कौलावर चढते, पण घरात यायचं तर फळीवरूनच. मध्यावर थांबते, आत बघते. लीला चुलीपुढून "ये गो" म्हणायची, मग यायची ती. लीला गेल्यावर पहिले काही दिवस ठमी तिथूनच मागं फिरली.

आता मी म्हणतो. "ये गो."