उर्फ

मंगळवारी सकाळी माझी बायको ओट्यापाशी खाली बसली आणि उठली नाही. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही तिला दवाखान्यात नेले. खिडकीपाशी नाव विचारले, मी सांगितले. दुपारी डॉक्टर बाहेर आले. संध्याकाळी आम्ही अमरधाममधून घरी आलो.

पुढे जे झाले ते सगळे त्या खिडकीपाशी सांगितलेल्या नावामुळे झाले. नाव खोटे नव्हते. आमच्या लग्नात, त्या वेळच्या रीतीप्रमाणे, ताटातल्या तांदळांत अंगठीने ते मीच लिहिले होते. तिचे माहेरचे नाव चांगले होते, त्यात दुरुस्ती करावी असे काही नव्हते. पण रीत होती. शिवाय मी एका वाचनालयात ग्रंथपाल होतो, त्यामुळे मला नाव सुचेल अशी दोन्ही घरांची खात्री होती. त्या आठवड्यात मी जी कादंबरी वाचत होतो तिच्या नायिकेचे नाव मी लिहिले. कादंबरी सुमार होती. नाव मात्र टिकले.

लग्नानंतर तिला सुरगाण्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक मिळाली. डी.एड.च्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, म्हणून नेमणुकीच्या आदेशावर तेच, सेवापुस्तकावर तेच, पगारपत्रकावर तेच. ते बदलायचे तर राजपत्रात छापून आणावे लागेल असे कळले तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या. घरात तुमचं, शाळेत माझं." मला ही वाटणी विनोदी वाटली होती. रेशन कार्डावर मी लिहिलेले नाव चढले, बँकेत आणि पॅन कार्डावर तिचे. शनिवारी ती जीपमध्ये दाटीवाटीने बसून नाशिकला यायची ती एक बाई, आणि सोमवारी पहाटे परत जायची ती दुसरी. पुढे नाशिकजवळ बदली झाली, ती निवृत्त झाली, पेन्शन सुरू झाली. वाटणी तशीच राहिली.

वाचनालयाने मला पुष्कळ पुस्तके दिली, पेन्शन दिली नाही. आमचे घर तिच्या पगारावर चालले आणि नंतर तिच्या पेन्शनवर. नातेवाईक याबद्दल माझ्यासमोर काही बोलत नसत, ते किती वेळा बोलत नसत हे मला ठाऊक आहे. आता ती गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन मला मिळणार होते. ते मिळाले नाही तर सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत मी काय खाऊन राहणार, हा प्रश्न होता. मुलगी बंगलोरला आहे. ती "बाबा, इकडे या" म्हणाली. मी "बघू" म्हणालो. तिलाही माझ्या "बघू"चा अर्थ कळतो.

मृत्यूचा दाखला, पासबुक आणि माझा फोटो घेऊन मी जिल्हा परिषदेच्या पेन्शन कार्यालयात गेलो. टेबलामागे एक तरुण बाई होत्या, बोलायला चांगल्या. त्यांनी दाखला पाहिला, संगणकात पाहिले, पुन्हा दाखला पाहिला.

"काका, या बाई आमच्याकडे नाहीत."

"नाहीत म्हणजे? वारल्या."

"ज्या वारल्या त्या आमच्याकडे नाहीत. आमच्याकडे ज्या आहेत त्या हयात आहेत."

मी म्हणालो, त्या दोघी एकच. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. वारस म्हणून पतीचे नाव माझेच होते. मग दाखला माझ्यासमोर ठेवला. त्यावरही पतीचे नाव माझेच. त्यांनी आवाज खाली आणला, तो माझ्या भल्यासाठीच.

"काका, राग मानू नका. दोन बायका होत्या का?"

मागच्या बाकावर बसलेल्या एका निवृत्त माणसाने वर्तमानपत्र खाली घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याविषयी कुणाला कुतूहल वाटले होते.

"नाही," मी म्हणालो. "एकच होती. नावं दोन होती."

"बऱ्याच जणांचं असतं तसं," त्या म्हणाल्या. नावांविषयी की बायकांविषयी, ते मी विचारले नाही. "तुम्ही प्रतिज्ञापत्र करा. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं. 'उर्फ' लावून. दोन साक्षीदार आणा. तोवर तुमचं प्रकरण पुढे जाणार नाही. आणि बँकेला कळवून ठेवा, नाहीतर बाईंची पेन्शन त्यांच्या खात्यात जमा होत राहील आणि नंतर वसूल होईल."

म्हणजे बँकेत जाऊन, ती गेली, हे मला पुन्हा एकदा सांगायचे होते. तोपर्यंत एक बायको अमरधाममध्ये गेली होती आणि दुसरी खात्यात पेन्शन घेत होती. 'उर्फ' हा शब्द मी तोवर फक्त पोलिसांच्या बातम्यांत वाचला होता.

साक्षीदार म्हणून शेजारी तयार झाले. ते तिला मी दिलेल्या नावाने ओळखत. दुसरी साक्षीदार सुरगाण्याच्या शाळेतली तिची मैत्रीण. या बाई मूळच्या नामपूरच्या, आता पाथर्डी फाट्याला राहतात. दोघी एका खोलीत भाड्याने राहिल्या होत्या, एका स्टोव्हवर नागलीच्या भाकरी शिकल्या होत्या. एरवी त्या शाळेतले मराठी बोलतात, पण हसू आले किंवा रडू आले की अहिराणीवर येतात. मला त्या दाजी म्हणतात. फोनवर सगळे ऐकल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे दाजी, सरकारच्या मते ती जित्ती शे का मरेल शे?"

"अर्धी अर्धी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. त्यांचे यजमान गेल्याला काही वर्षे झाली. त्यांना स्वतःची पेन्शन मिळते आणि यजमानांची कुटुंब पेन्शनही, त्यामुळे या विषयात त्या माझ्या पुढच्या वर्गात होत्या. चहा त्यांनीच केला आणि ओट्यावरूनच शिकवणी सुरू केली.

"ती जिवंत होती तोवर तिची पेन्शन म्हणजे पगार. आयकराच्या कायद्यात तसंच धरतात. काम बंद, तरी पगार. आता तुम्हाला मिळेल तो पगार नाही. ते इतर."

"इतर काय?"

"इतर म्हणजे इतर. 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न.' बँकेचं व्याज, लॉटरी, घोड्यांच्या शर्यतीतलं बक्षीस, आणि तुम्ही."

ग्रंथालयात 'इतर' म्हणजे काय ते मला माहीत आहे. जे पुस्तक कुठल्याच विषयात बसत नाही ते तिथे जाते आणि मग ते कुणी मागत नाही.

"पगाराला जी ठरावीक वजावट मिळते ती तुम्हाला नाही," त्या सांगत होत्या. "तुम्हाला वेगळी. मिळेल त्याचा तिसरा हिस्सा किंवा कायद्यानं घातलेली मर्यादा, त्यातलं जे कमी असेल ते."

"कमी असेल तेच का?"

"दाजी, जास्त असेल ते, असा कायदा तुम्ही कुठं वाचला? तुमच्या वाचनालयात?"

मग त्यांनी सांगितले की या वर्षीचे तिचे विवरणपत्रही मीच भरायचे, तिचा वारस म्हणून.

"मेलेल्या माणसालाही भरावं लागतं?"

"मेली त्या दिवसापर्यंत जगत होती ना? तेवढ्याचं."

हे मला पटले. तिच्या जगण्याचा हिशेब शेवटच्या दिवसापर्यंत कुणाला तरी हवा होता, ही गोष्ट त्या दिवसांत कुणी इतक्या स्पष्टपणे म्हटली नव्हती. पण तिथेही पॅन कार्डावर एक बाई आणि दाखल्यावर दुसरी. सगळे रस्ते त्या 'उर्फ'पाशी येऊन थांबत होते.

पुनर्विवाह केलेला नाही असेही दरवर्षी लिहून द्यावे लागेल, हे त्यांनी जाता जाता सांगितले.

"या वयात?"

"सरकारला तुमच्यावर विश्वास आहे, दाजी. अजून होऊ शकतं म्हणतं. करायचं तर करा, पण पेन्शन बंद. त्यामुळे जी येईल ती तुमच्यावर प्रेम करणारीच असेल."

कोर्टासमोर टंकलेखकांच्या टपऱ्या आहेत. आता तिथे संगणक आहेत, पण त्यांना अजून टंकलेखकच म्हणतात. आम्ही तिघे एका बाकावर बसलो. टंकलेखकाने तयार मजकूर उघडला, माझे नाव, वय, पत्ता घेतला आणि थांबला.

"मयताचं नाव. आधी कोणतं टाकू?"

"काही फरक पडतो?"

"कायद्यात नाही. पण एक आधी येणार, एक उर्फनंतर. सगळीकडे मग आधीचंच चालतं. दाखल्यावर जे आहे ते आधी टाकू का? मेलेली तीच."

मैत्रिणींनी माझ्याकडे पाहिले. शेजारी म्हणाले, "वहिनींचं घरचंच नाव टाका की. आम्ही सगळे त्याच नावानं ओळखतो."

माझी सगळी नोकरी हेच ठरवण्यात गेली होती. एका लेखकाची दोन नावे असली की तालिकेत दोन कार्डे करायची. एका कार्डावर सगळी पुस्तके येतात. दुसऱ्यावर फक्त नाव आणि खाली पहिल्या कार्डाकडे पाठवणारा एक शब्द: 'पाहा'. पुस्तके कोणत्या कार्डावर जातात याचा नियम साधा आहे. लेखकाने आपल्या कामावर स्वतः जे नाव घातले ते मुख्य. घरचे त्याला काय म्हणत, याला ग्रंथपाल विचारत नाही. हा नियम मी नवख्यांना कितीतरी वेळा समजावून सांगितला होता, आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोला कादंबरीतल्या नावाने हाक मारली होती.

"शाळेचं आधी टाका," मी म्हणालो.

"सांगा."

मी सांगितले. त्याला नीट ऐकू आले नाही, रस्त्यावर बस वळत होती. मी मोठ्याने सांगितले. त्याने चुकीची वेलांटी दिली. मी एकेक अक्षर फोडून सांगितले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की हे नाव मी आजपर्यंत वाचले होते, पाकिटांवर लिहिले होते, पण तोंडाने कधी घेतले नव्हते. मैत्रिणींनी पदर तोंडाला लावला.

"आता उर्फ," टंकलेखक म्हणाला.

मी दुसरे सांगितले.

"हे मी आजच ऐकते," मैत्रीण म्हणाल्या.

शेजारी त्यांच्याकडे वळले. "मग त्या दोघी एकच, अशी सही तुम्ही कशी करणार?"

"तुम्ही कशी करणार? तुम्हाला तरी शाळेचं कुठं माहीत होतं?"

"खरंय."

"मग झालं. एक तुम्ही ओळखता, एक मी. मधे दाजी आहेत. करा सही."

त्यांनी सही केली, शेजाऱ्यांनी केली, मी केली. नोटरीने शिक्का मारला. कुणाकडेही वर मान करून न पाहता त्याने 'समक्ष' हा शब्द उच्चारला आणि पुढच्या माणसाला बोलावले.

प्रकरण पुढे गेले. लवकर नाही, पण गेले. कार्यालयातल्या बाईंनी मला एक छापील कागद दिला. त्यावर 'मी, खाली सही करणार विधवा' असे होते. मी 'विधवा' खोडून 'विधुर' लिहिले आणि सवयीने समासात दुरुस्तीची खूण केली. त्या म्हणाल्या, "काका, असू द्या. पुरुष फारसे येत नाहीत या टेबलावर."

आदेश आला त्यात सगळीकडे शाळेचेच नाव होते. टंकलेखकाने सांगितले होते तसेच झाले, उर्फनंतरचे फक्त पहिल्या ओळीत राहिले, पुढे त्याची गरज पडली नाही.

नोव्हेंबरमध्ये मी हयातीचा दाखला देतो आणि लग्न केले नाही असेही लिहून देतो. दोन्ही खरे असते. पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होते आणि विवरणपत्रात मी ती 'इतर'मध्ये दाखवतो. मैत्रीण कधी कधी येतात आणि शाळेतल्या नावाने तिच्या गोष्टी सांगतात. शेजारी घरच्या नावाने बोलतात.

आता घरात मी एकटा आहे, आणि तिची दोन नावे.