थीम पार्कातली एकादशी

माझा नवरा उल्हासनगरला जीन्सच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. सेठ सिंधी, कारागीर देशभरातले, आणि मधोमध बसलेला माझा नवरा. कुठल्या लॉटला किती चेन लागल्या, किती बटणं गेली, हेच दिवसभर. इतकी वर्षं हे करून त्याला घरची माणसंही मालासारखी दिसायला लागली आहेत. कुणाकडे जेवायला जायचं ठरलं की हा विचारतो, "आपले नग किती?"

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या मुलीने थीम पार्कचा हट्ट धरला. ती आठवीत आहे. वर्गातल्या सगळ्या मुली जाऊन आल्या, मीच राहिले, असं तिचं म्हणणं. गाडीने दोन-अडीच तासांवरचं ते पार्क. एक दिवस पार्क, रात्री तिथल्याच हॉटेलात मुक्काम, सकाळचा नाश्ता खोलीच्या पैशांत, अशी योजना होती. तिकिटाचे आणि खोलीचे पैसे नवऱ्याने फारशी कुरकुर न करता भरले. त्याचा जीव अडकला तो खाण्यात.

"तिकीट एकदाच काढतात," तो मला समजावत होता. "खाणं दर दोन तासांनी असतं. आणि आत बाहेरचं काही नेऊ देत नाहीत. खरा धंदा तिथे आहे."

दोन दिवस तो फोनवर तिथली मेनूकार्डं बघत बसला. सामोसा किती, पावभाजी किती, पाण्याची बाटली किती. मधूनच छातीत कळ आल्यासारखा आवाज काढायचा. तिसऱ्या दिवशी मात्र कारखान्यातून आला तो शीळ वाजवत. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिला, एका तारखेवर बोट ठेवलं आणि हळूच मला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"या तारखेला जायचं. एकादशी आहे."

"मग?"

"अगं, आईचा उपास. ती आत काहीच खाणार नाही. सकाळी घरीच खाऊन निघेल, संध्याकाळी खोलीवर केळं खाईल. एक नग कमी!"

माझ्या सासूबाई बदलापूरजवळच्या गावातल्या. शेतकरी घरातल्या, पण आता बरीच वर्षं अंबरनाथ पूर्वेला आमच्याकडेच असतात. एकादशी त्या तापातसुद्धा सोडत नाहीत. नवऱ्याचं गणित ऐकून मला हसावं की रडावं कळेना. मी एवढंच म्हटलं, "आईंना सांगू नका म्हणजे झालं." दाराआड आमची मुलगी उभी होती, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

उरलेल्या तिघांसाठीही त्याने युक्ती काढली होती. पार्कात शिरण्याआधी रस्त्यावरच्या हॉटेलात पोटभर खाऊन घ्यायचं. त्याप्रमाणे निघालो आणि वाटेत एका मिसळीच्या हॉटेलापुढे गाडी थांबली.

"खा," तो मुलीला म्हणाला. "अजून एक वडा घे. हा दुपारचा वडा समज."

"पप्पा, मला दुपारची भूक आत्ता कशी लागेल?"

"लागत नाही तर आणायची."

स्वतः त्याने दोन मिसळी, वर वडे आणि वर ताक असा साठा केला. सासूबाई समोर चहा घेऊन बसल्या होत्या. तर्रीच्या वासाने त्यांनी नाकाला पदर लावला, पण चेहरा प्रसन्न होता. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. त्यात उकडलेली रताळी, भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. घरून निघताना घाईत त्यांनी काहीच खाल्लं नव्हतं. हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या हिशेबात आईचं पोट सकाळीच भरलेलं होतं.

पार्कच्या दारात पिशव्या तपासत होते. गणवेशातल्या एका बाईंनी सासूबाईंची पिशवी उघडली आणि मान हलवली.

"आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही. बाळाचं दूध नाहीतर औषध असेल तर नेता येईल."

"औषधच हाय हे," सासूबाई म्हणाल्या.

"हे रताळं आहे, आजी."

"उपासाच्या माणसाला काय औषध असतं मग?"

बाईंना हसू आलं, पण नियम तो नियम. लॉकरमध्ये ठेवा म्हणाल्या. लॉकरला पैसे पडतात हे कळल्यावर नवरा म्हणाला, "आई, इथेच खाऊन घे ना पटकन." आमच्या मागे रांग लागलेली. सासूबाईंनी रांगेकडे बघितलं. त्यात एक लहान मूल रडत होतं, त्याच्या हातात त्यांनी लाडू दिला. मग त्याच्या आईला दिला. मग तपासणाऱ्या बाईंना रताळं दिलं. बाईही एकादशीच्या निघाल्या! मग काय विचारता. भगर आणि आमटी त्यांच्या डब्यात गेली, केळी तिकीट फाडणाऱ्या माणसाने घेतली आणि मोकळी पिशवी झटकून, घडी घालून, सासूबाई आत शिरल्या. नवरा मागे वळून ते सगळं खाणं दिसेनासं होईपर्यंत बघत होता.

"आई, तू काय खाणार आता?"

"आत मिळेल की. एवढं मोठं हाय."

दुपारपर्यंत बरं चाललं. मुलीने आम्हाला एका झुल्यातून दुसऱ्या झुल्यात फिरवलं. मग सासूबाई एका बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मना भूक लागली रं."

नवरा त्यांना घेऊन खाण्याच्या दालनात गेला. पिझ्झा, नूडल्स, बिर्याणी, पावभाजी. सासूबाई प्रत्येक काउंटरसमोर थांबून वरचे फोटो बघत होत्या. एका ठिकाणी बटाट्याचे तळलेले लांब काप दिसले.

"बटाटाच ना हा?" त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"हां आजी, आलू है."

"याच तेलात कोंबडी तळता?"

ती मुलगी खरं बोलणारी होती. "हां, वही तेल है सबका."

सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. नवऱ्याचा चेहरा उजळला. मला वाटतं, त्याला वाटलं की आता संपलं, उपासाचं इथे काहीच नाही. पण त्या मुलीने पलीकडे बोट दाखवलं. तिथे ज्यूस, फळं, मिल्कशेक आणि आइस्क्रीमचं वेगळं दुकान होतं. स्वच्छ, शाकाहारी, आणि पार्कातलं सगळ्यात महाग. या दुकानातल्या किमती नवऱ्याने बघितल्याच नव्हत्या, कारण आमच्यापैकी कुणी तिथे जाणार नव्हतं.

सुरुवात शहाळ्यापासून झाली. मग कापलेली फळं. फळांचा तो पेला बघून सासूबाई म्हणाल्या, "ह्यात चार तुकडे हायेत, दोन आण." मग काजू, बदाम आणि केळं घातलेला मिल्कशेक. उंच पेला, वर केशराची काडी. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"सूनबाई, हे घरी जमेल का गं?"

"जमेल आई."

"नाय जमणार," त्या म्हणाल्या आणि नळी पुन्हा तोंडात धरली.

आमची मुलगी त्या पेल्याकडे बघत होती. तिच्या वाट्याला दुपारी अर्धी पावभाजी येणार होती, तीही सकाळचा वडा पचला असेल तरच, या बोलीवर.

"आजी," ती म्हणाली, "माझीपण एकादशी आहे."

"तू सकाळी मिसळ खाल्लीस!" नवरा ओरडला.

"मी मिसळीनंतर धरली."

नवऱ्याने मोठ्या आशेने आईकडे बघितलं. शास्त्राचा निकाल तिथूनच येणार होता. सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "लेकरांना चालतंय. मनात आलं तेव्हापासून उपास." दुसरा मिल्कशेक आला.

मी तर कारण काढलंच नाही. सरळ म्हटलं, "तिसरा माझा." नवरा शेजारच्या काउंटरवरून एक सामोसा घेऊन आला, सगळ्यात स्वस्त, आणि आमच्यासमोर बसून तो कोरडाच खाऊ लागला.

तेवढ्यावर थांबलं असतं. पण सासूबाईंना आइस्क्रीम दिसलं. दूध आणि साखर, म्हणजे चालतंय, असं त्यांनी जाहीर केलं. दुकानदाराने कोन पुढे केला तशा त्या म्हणाल्या, "हा मैद्याचा. नाय चालणार. कपात दे." कपातलं कोनापेक्षा महाग होतं. नवरा कळवळून म्हणाला, "आई, कोनातलं खा आणि कोन मला दे!"

"लागलेलं असतं ते. पीठ पोटात जातं."

आणि तेव्हा आमची मुलगी, मिल्कशेकचा शेवटचा घोट सुर्रकन ओढत, हसत हसत बोलून गेली. "पप्पा, तुम्ही तर आजीचा उपास बघून तारीख काढली होती ना? एक नग कमी म्हणून?"

मी टेबलाखालून तिला पाय मारला, तो नवऱ्याला लागला. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. आजूबाजूला पार्कातलं संगीत ढणढणत होतं, एक अस्वलाच्या वेषातला माणूस मुलांशी हस्तांदोलन करत फिरत होता.

"खरं हाय?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने सामोशाकडे बघितलं. "तसं नाही गं आई. म्हणजे... सोयीचं होतं."

"शिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेत न्यायचे तुला," सासूबाई म्हणाल्या. "माझा कडक उपास. पाणीसुद्धा बेतानं. तू भजी खायचास, गोळा खायचास, गुडदाणी खायचास, वर माझ्या लुगड्याला हात पुसायचास. मी बोलले कधी, की जत्रा उठल्यावर जाऊ, म्हणजे पोराला भजी घ्यायला नको?"

"नाही."

"मग?"

नवऱ्याचा चेहरा इतका लहान झाला की मलाच वाईट वाटलं. सामोसा बाजूला सारून तो म्हणाला, "चुकलं आई. सांग, अजून काय खातेस?" मला वाटलं, त्या नको म्हणतील. कुठलीही आई अशा वेळी नको म्हणते. सासूबाईंनी वळून फलक बघितला आणि विचारलं, "ते अंजीरवालं कसं असतंय?"

अंजीरवालं फारच चांगलं होतं. आम्ही सगळ्यांनी चाखलं, नवऱ्यानेही.

त्यानंतर सासूबाईंचा राग उतरला आणि अंगात वारं शिरलं. दोन्ही टोकांना वर जाणारी ती मोठी होडी दिसली तशा त्या म्हणाल्या, "ह्यात बसायचं." वयाचं विचारलं तर तिथल्या मुलाला म्हणाल्या की पाठ दुखत नाही, बीपी नाही, पोट हलकं आहे. नवरा आईला एकटीला कसा सोडणार? तो शेजारी बसला. पोटात दोन मिसळी, वडे, ताक, सामोसा आणि अंजीर.

मी आणि मुलगी खाली उभ्या राहून बघत होतो. होडी वर गेली की सासूबाई दोन्ही हात वर करून ओरडायच्या, "आयो!" आणि खाली आली की हसायच्या. नवरा आधी हसत होता. मग हसायचा थांबला. मग त्याने डोळे मिटले. होडी थांबली तेव्हा तो उतरला नाही, जवळजवळ गळून पडला, आणि तिथून जवळच्या झुडपाकडे धावला. पुढचं सांगायची गरज नाही. सकाळपासून त्याने इतक्या विचाराने भरलेला माल सगळा बाहेर आला.

सासूबाईंनी पदराने त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली. "मिसळ पण फुकट गेली रं बाबा," त्या खरंच हळहळून म्हणाल्या. त्यावर आमची मुलगी जमिनीवर बसून हसली, आणि थोड्या वेळाने, तोंड धुऊन आल्यावर, नवराही हसला. त्याला शहाळ्याचं पाणी आणि केळ्याशिवाय काही जाईना. ते पुन्हा त्याच दुकानात मिळत होतं. दुकानदाराने आम्हाला बघून खुर्च्या पुसल्या.

संध्याकाळच्या जेवणाचे पैसे नवऱ्याने आधीच भरले होते, तीन माणसांचे, हवं तेवढं खा असं. तो खोलीत पांघरूण घेऊन पडून राहिला. मी आणि मुलगी खाली गेलो. निघताना त्याने क्षीण आवाजात बजावलं, "माझं पण तुम्ही दोघींनी खा." आम्ही प्रयत्न केला. गुलाबजामांपर्यंत तिने त्याचा वाटा बऱ्यापैकी उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला सासूबाई आंघोळ करून, नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी खाली हजर. आज द्वादशी, उपास सोडायचा. गावाकडे सकाळीच वरण-भात लागतो. इथे पोहे, ब्रेड, इडल्या. त्यांनी इडली उचलून नीट निरखली.

"तांदूळ आणि डाळच ना ही?"

"हो आई."

"मग झालं. वरण-भात एकात केलाय."

त्यांनी मनातल्या मनात नैवेद्य दाखवला आणि खायला बसल्या. इडल्या झाल्या, मग पोहे, मग पुन्हा इडल्या. नाश्ता खोलीच्या पैशांतला होता. नवरा समोर बसून काळ्या चहात खारी बुडवत होता, आणि आई एकेक इडली संपवत गेली तसा त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत गेला. "घे ना आई, अजून घे," तो आग्रह करत होता. "चटणी संपली का? थांब, मी आणतो." पोटात कळ असताना तो चटणीसाठी तीनदा उठला.

घरी आल्यावर दोन दिवसांनी आमच्या इमारतीतलं भजनी मंडळ आमच्याकडे जमलं. सासूबाईंनी अभंगाआधी मिल्कशेक सांगितला, अभंगानंतर होडी सांगितली. मधे अंजीरवालं राहिलं होतं म्हणून पुन्हा चहा ठेवायला लावला. बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. कपात घेतलेल्या आइस्क्रीमचं सगळ्यांनाच पटलं. शेवटी चिखलोलीहून येणाऱ्या, पेटी वाजवणाऱ्या मावशींनी आतल्या खोलीकडे बघून आवाज दिला.

"अहो दादा, आम्ही सगळ्याजणी जाऊ म्हणतोय. येत्या एकादशीलाच. तुम्हाला हिशेबातलं कळतं, तर खाण्याचं जरा तुम्हीच बघा ना."

नवरा आतून बाहेर आला. खोलीभर बसलेल्या उपासकरी बायकांवरून त्याने सावकाश नजर फिरवली.

"मावशी," तो म्हणाला, "द्वादशीला नाही का चालणार?"